नशिबाला शिव्या घालायच्या तर नीट घाला

आपल्याकडे माणूस एकवेळ सकाळच्या चहाशिवाय राहील पण नशिबाला शिव्या घातल्याशिवाय राहणार नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार एवढीच की लोक शिव्या नीट घालत नाहीत. बस चुकली, नशीब. पोराला सीईटीत मार्क कमी पडले, नशीब. लग्नात तिसऱ्या पंगतीला बसलो आणि गुलाबजाम संपले, तेही नशीबच. अहो एवढी श्रीमंत भाषा आपली, दैव आहे, प्रारब्ध आहे, भोग आहेत, विधिलिखित आहे, अवदसा आहे, कपाळ तर चोवीस तास सोबतच आहे, आणि तुम्ही सगळीकडे एकच शब्द वापरताय, म्हणजे घरात बारा मसाले असून प्रत्येक भाजीत नुसतं तिखट मीठ.

म्हणून म्हटलं चार गोष्टी आपणच सांगाव्यात. फक्त एक अट. मी सांगतो ते शब्द बिनधास्त वापरा, पण ते उकलून बघायच्या भानगडीत पडू नका. शब्दाच्या पोटात काय आहे ते बघायला मी गेलो होतो आणि चांगलाच पस्तावलो, कसा ते पुढे येईलच.

सुरुवात सोप्यापासून करू. 'कर्म माझं!' हा नवशिक्यांसाठी उत्तम. उजव्या हाताचा तळवा कपाळावर, आवाज जरा खालचा, शेवटचा 'झं' लांबवायचा. आता कर्म हा शब्द आला कृ म्हणजे करणे यावरून, म्हणजे त्याचा सरळ अर्थ केलेलं काम, आणि आपण तो म्हणतो नेमका काहीच केलेलं नसताना. रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१ जुलै, आपण रात्री साडेअकराला फॉर्म सोळा शोधायला बसतो, साइट लोड होत नाही, आणि तोंडातून काय निघतं? कर्म माझं. व्याकरणाच्या दृष्टीने हे इतकं अचूक आहे की पुढे काही बोलायलाच नको.

थोडा सराव झाला की प्रारब्धाकडे वळा. शास्त्रात कर्माचे तीन कप्पे सांगितलेत. साठलेलं ते संचित, त्यातलं ज्याचं फळ मिळायला सुरुवात झाली ते प्रारब्ध, आणि आत्ता चालू आहे ते क्रियमाण. बाणाचा दृष्टान्त देतात, भात्यातले बाण संचित, सुटलेला बाण प्रारब्ध, हातात धरलेला क्रियमाण. प्रारब्ध आणि प्रारंभ एकाच धातूतून आलेत, प्रारब्ध म्हणजे सुरू झालेलं. ह्यातलं आपल्या कामाचं एकच, सुटलेला बाण. गोष्ट कुठलीही असो, बाण सुटला म्हणून सांगायचं. हात बघितला कुणी आणि त्यात अजून बाण आहे असं दिसलं तरी सुटला म्हणायचं. कधी ऐकलंय का कुणाला कपाळावर हात मारून 'काय करणार, क्रियमाण!' म्हणताना? गेल्या हजार वर्षांत कुणी म्हटलेलं नाही, आणि ह्यातच आपल्या समाजाचं शहाणपण आहे, कारण क्रियमाण म्हटलं की उठून काहीतरी करावं लागतं.

ऑफिसात वगैरे जरा वजनदार बोलायचं असेल तर विधिलिखित. पण जपून. विधी म्हणजे ब्रह्मदेव हे खरं, पण विधी म्हणजे नियम आणि कायदा पण. विधाता, विधान, विधानसभा, विधिमंडळ ही सगळी एकाच घरातली पोरं, आणि मंत्रालयात विधी व न्याय नावाचं अख्खं खातं आहे. तुम्ही आपले आभाळाकडे बोट दाखवून म्हणाल की विधिलिखित कुणाला चुकत नाही, आणि समोरचा जरा चावट असला तर विचारेल, कुठल्या अधिवेशनात लिहिलं? मग पंचाईत. तेव्हा बोट दाखवताना वरच दाखवा, समोरच्या इमारतीकडे वळू देऊ नका.

पाणिनीने ह्या सगळ्यांची सोय अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलीय बरं का. आहे म्हणणारा आस्तिक, नाही म्हणणारा नास्तिक, हे आपल्याला पाठ असतं, पण त्याच सूत्रात तिसरा एक आहे, दैष्टिक. दिष्ट म्हणजे दाखवून दिलेलं, ठरवून दिलेलं, आणि त्यावर ज्याची मती तो दैष्टिक. पहिल्या दोघांची भांडणं टीव्हीवर रोज चालतात आणि तिसऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, कारण तो भांडायला येतच नाही, म्हणतो जे व्हायचं ते होईल, आवाज कमी करा. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला न येणारे सत्तर टक्के लोक दैष्टिक असतात असं माझं मत आहे, टक्केवारी अर्थातच मनाची.

अजून वरच्या दर्जाचं पाहिजे असेल तर नियती घ्या. हा शब्द कवितेत चांगला दिसतो आणि राजीनाम्याच्या पत्रातही. नि अधिक यम्, म्हणजे आवळून धरणं. बुद्ध आणि महावीराच्या काळात मक्खली गोशाल नावाचा आजीवक पंथाचा गुरू होता, त्याचं म्हणणं की माणसाच्या प्रयत्नाने काही म्हणजे काही होत नाही, दोऱ्याचा गुंडा फेकला की तो जसा आपोआप उलगडत जातो आणि दोरा संपला की थांबतो, तसे शहाणे काय आणि मूर्ख काय, सगळे चौऱ्याऐंशी लाख महाकल्प फिरणार आणि मगच सुटणार. ह्याच आजीवकांना सम्राट अशोकाने गयेजवळच्या बराबर टेकड्यांत घडीव गुहा दान दिल्या, आतून अशा घासलेल्या की दगड आरशासारखा चकाकतो. म्हणजे बघा, प्रयत्नाने काही होत नाही म्हणणाऱ्यांना राजाकडून तयार गुहा, आणि प्रयत्नवादी आपण वीस वर्षांचे हप्ते भरतोय वन बीएचकेचे, त्यातही भिंतीला ओल.

आता सटवाई. हिच्याबद्दल मात्र मी घरच्या अनुभवावर बोलतो. सटवाई म्हणजे षष्ठी, सहावी. बाळ जन्मलं की कुणाकडे पाचव्या तर कुणाकडे सहाव्या रात्री पूजा मांडतात, आणि ती रात्री येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. 'पाचवीला पुजलेलं' म्हणतो ना आपण, ते इथलंच, आणि गंमत म्हणजे पाचवीला पुजलेलं काय असतं तर दारिद्र्य, कटकट, आजारपण, आजवर कुणाच्या पाचवीला दुमजली बंगला पुजलेला मी ऐकला नाही. तर माझ्या पुतण्याची पाचवी होती. पाट, वरवंट्याला हळदकुंकू, दिवा, आणि पाटावर एक कोरा कागद आणि पेन. पूर्वी दौत-टाक असायची म्हणे, आमच्या काकूने निळं जेल पेन ठेवलं, टोपण काढून, कारण देवीला काढता नाही आलं तर. कागद माझ्या जुन्या वहीतला, एका बाजूने फाटका. रात्रभर दिवा जपायचा होता म्हणून मी आणि भाऊ बसलो, अडीचला भाऊ घोरायला लागला, चारला मी पण. सकाळी उठून बघतो तर कागद कोराच. मी म्हटलं काकू, काहीच लिहिलं नाही की. काकू म्हणाली अरे ती कपाळावर लिहिते, कागद नुसता मान म्हणून असतो. आणि मग तोच कागद उचलून तिने त्यावर दुधाचा हिशोब लिहिला, कारण पेनाला टोपण नव्हतं आणि शाई वाळून चालली होती. पुतण्या आता सातवीत आहे, गणितात काठावर असतो, घरात सगळे म्हणतात कपाळावर लिहिलेलं कोण पुसणार. ट्यूशन लावा असं मी एकदा सुचवलं होतं तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी खोडरबर घेऊन आलोय.

कपाळाचंही एक सांगून टाकतो. संस्कृतात कपाल म्हणजे कवटी, आणि कपाल म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा पण, खापर. म्हणजे कपाळ फुटकं असणं हा त्याचा मूळ गुण आहे, दोष नाही. आणि आपण नशिबावर, म्हणजे कपाळावरच, खापर फोडतो, म्हणजे खापरावर खापर. तरी आवाज कसा होत नाही कुणास ठाऊक.

नोकरी सरकारी असेल किंवा रस्त्याचं कंत्राट घेतलेलं असेल तर तुमच्यासाठी खास शब्द आहे, अस्मानी. जुन्या लोकांनी संकटं दोन खात्यांत टाकली होती, आभाळातून येतं ते अस्मानी आणि राज्यकर्त्याकडून येतं ते सुलतानी. मोठा सोयीचा हिशोब होता, पण त्यात दुसरं खातं फार अडचणीचं, म्हणून हल्ली सगळं पहिल्यातच जमा करायची पद्धत आहे. पहिल्या पावसात खड्डा पडला, अस्मानी. नाल्यावर बिल्डिंग बांधली आणि नाला घरात आला, अस्मानी. खड्ड्यात गाडी जाऊन माणूस वाचला तर 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' आणि नाही वाचला तर 'त्याची वेळच भरली होती'. दोन्हीत खड्डा कुठे आहे सांगा बरं? नाहीच. भाषेने बुजवला. महानगरपालिकेला जे डांबराने जमत नाही ते आपण म्हणीने करतो.

साडेसातीवर फार बोलत नाही, शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन मिळून साडेसात. राशी बारा, त्यातल्या तिघींना कुठल्याही दिवशी चालूच. म्हणजे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघं बसलेले असतात त्यातल्या एकाला सरासरीने साडेसाती असणार, बहुतेक चौथ्या सीटवाल्याला. आणि दशा म्हणजे काय, तर कापडाच्या काठाला सुटलेले धागे, हाही एक अर्थ आहे, म्हणून वाईट दशा आली की आधी कपडे बघावेत. पायगुणाबद्दल तर सल्लाच नको. तो घरात नव्याने आलेल्या सुनेचाच असतो, जावयाचे पाय कसे असतात हे तपासायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता मुद्द्याचं, आणि जिथे मी फसलो ते.

आमच्या आजोबांची बारा एकर होती. ते गेल्यावर वडील आणि चुलते यांच्यात वाटणी झाली, सहा-सहा एकरांचे दोन तुकडे, क्षेत्र सारखं, फक्त एकात विहीर होती आणि दुसऱ्यात मुरूम. कुणी कुठला घ्यायचा यावर दोन दिवाळ्या गेल्या, शेवटी मामांनी सुचवलं की चिठ्ठ्या टाका, नशिबात असेल ते येईल. स्टीलच्या तांब्यात दोन चिठ्ठ्या, आणि काढायला लहान लेकरू पाहिजे, निष्पाप, म्हणून चुलत्यांच्या नातीला बसवलं, वय वर्षे पाच. तिने चुलत्यांसाठी चिठ्ठी काढली. विहीर. आमच्याकडे मुरूम. वडिलांनी कपाळाला हात लावला, नशीब म्हणाले आणि पाणी प्यायले. पुढे आठ वर्षांनी एका लग्नात ती पोरगी माझ्या शेजारी जेवायला बसली होती, आता मोठी झालेली, बोलता बोलता म्हणाली, काका मला अजून आठवतं, आजोबांनी मला चॉकलेट दिलं होतं आणि म्हणाले होते, लहान घडीची चिठ्ठी काढ हां. मी जिलेबी तशीच ठेवली. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर वडील म्हणाले जाऊ दे रे, ती चॉकलेटवाली पोरगी बसली तांब्याजवळ हेही नशीबच ना आपलं.

त्या रात्री मी शब्दकोश काढला. काढायला नको होता.

नशीब हा अरबी शब्द, नसीब, आणि त्याचा अर्थ काय? वाटा. हिस्सा. नुसता हिस्सा, बाकी काही नाही. कुराणात वारसाहक्काची जी आयत आहे तिथे हाच शब्द आहे, आईबापांनी आणि जवळच्या नातलगांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांना नसीब आणि बायकांनाही नसीब. बरं म्हटलं, किस्मत बघू. तीही अरबी, अर्थ वाटणी. तिचीच सख्खी बहीण तक्सीम, जी मराठीत तक्षीम होऊन आली, जुन्या वतनांच्या कागदांत तक्षीमदार म्हणजे हिस्सेदार असतो तोच. तकदीर आणि मुकद्दर? मापून दिलेलं. आपण कुणाची 'कदर' करतो तो शब्दही त्याच मापातला. मग म्हटलं हे सगळे बाहेरून आलेले, आपला शुद्ध संस्कृत शब्द घेऊ, भाग्य. त्यात तर भाग उघडाच बसलाय, भज् म्हणजे वाटणे. भाग्य, भागीदार, भागाकार सगळे एका ताटातले, आणि ताटातलाच म्हणाल तर भात सुद्धा, भक्त म्हणजे वाढलेला वाटा, त्याचा प्राकृतात भत्त आणि आपला भात. दोन भाषांची घराणी, एकमेकांचं तोंड न बघितलेली, आणि दोघांनी नशिबाला नाव काय ठेवलं तर वाटणी!

आता वाटणी म्हटली की वाटणारा आला. तोही सापडला. वेदांत भग नावाचा देव आहे, आदित्यांपैकी एक, त्याचं कामच वाटे देणं. भगवान म्हणजे ज्याच्याकडे भग आहे तो. आणि ह्या भगाची पुढची कथा अशी की दक्षाच्या यज्ञात वीरभद्राने त्याचे डोळे काढले. म्हणजे ज्याच्याकडे तांब्या दिलाय त्याला दिसत नाही. हे वाचल्यावर मला चुलत्यांचा राग जरा कमी झाला, निदान त्यांना चिठ्ठीची घडी तरी दिसत होती.

म्हणून माझा कळकळीचा सल्ला, नशीब म्हणा पण वाटा म्हणू नका. 'माझं नशीब खराब' म्हटलं की चारजण हळहळतात, चहा पाजतात. तेच 'माझा वाटा कमी आला' म्हणून बघा एकदा. लगेच दरवाजे लागतात, कुणीतरी सातबारा मागतं, वकिलाचा नंबर निघतो, आणि पुढच्या गणपतीला कोण कुणाकडे जायचं याचे प्रश्न तयार होतात. शब्द तोच, भाषांतर बदललं की घर फुटतं. पिढ्यानपिढ्या लोकांनी ह्या वाटणीच्या शब्दांना हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात बसवलंय ते काय उगाच?

आणि मी हे सगळं चुलत्यांना सुनवायचं ठरवलं होतं बरं का. पूर्ण तयारी केली होती, नसीब, तक्षीम, भग, सगळं. पण तो कोश बंद करायच्या आधी शेजारीच एक शब्द दिसला, भगिनी. तिच्यातही भग आहेच, भाग्याची, वाट्याची. तिथे माझं घोडं अडलं, कारण बारा एकरांचा भागाकार मी कायम दोनाने करत आलो होतो, आणि आजोबांना मुलं होती चार.

दोन आत्या. आजोबांच्या पश्चात वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर चारही नावं लागली होती. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, केंद्राचा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून, म्हणजे आमच्या वाटणीच्या वेळी तो चांगला जुना झालेला होता. बारा भागिले चार, तीन. एवढं गणित माझ्या पुतण्यालाही येतं. पण चिठ्ठ्या टाकायच्या आधी, दोन दिवाळ्यांच्याही आधी, एक काम उरकलेलं होतं, हक्कसोडपत्र, आणि ते इतक्या सुरळीत झालं होतं की आमच्या घरात कुणाला ते वाटणीचा भाग म्हणून आठवतही नाही. बहिणींनी प्रेमाने सोडलं, असं आम्ही सांगतो. विहिरीवरून भाऊ-भाऊ भांडले ती वाटणी, बहिणींचं ते प्रेम.

मला तो दिवस आठवतो कारण गाडी मीच चालवली होती. रजिस्टर ऑफिसात गर्दी होती, बाहेर झाडाखाली आम्ही वडे खाल्ले. दोन्ही आत्यांना नवीन साड्या घेतल्या होत्या, मोठीला हिरवी, धाकटीला जांभळी, आणि दोघी त्याच नेसून आल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर बसवलं तेव्हा मोठ्या आत्याने पदर सारखा केला आणि विचारलं, हसू का नको. मग अंगठा. मशिनवर तिचा अंगठा उमटेना, खुरपून खुरपून आणि भाकऱ्या थापून रेषा झिजलेल्या, ऑपरेटर म्हणाला मावशी हात पुसा, तिने नव्या साडीला हात लावायचा नाही म्हणून माझ्या रुमालाला पुसला, तिसऱ्यांदा उमटला. बाहेर येऊन सहीसाठी कागद मांडीवर घेतला. मला म्हणाली, बाळा, नशीबवान रे मी, या वयात पण भाऊ माहेरची साडी नेसवतात, आमच्या शेजारणीला कुत्रं विचारत नाही.

दुसऱ्या पानावर तिचं पेन उठेना. तिने दोनदा झटकलं, कोपऱ्यात गिरवून बघितलं. मी खिशातून माझं काढून दिलं, टोपण काढून.